दोन जिवांची घोडी

तापी नदीच्या काठी सारंगखेडा नावाचे गाव आहे. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. मार्गशीर्ष महिन्यात दत्तजयंतीला तेथे मोठी यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी आपली जनावरे घेऊन येतात. कानांची टोके एकमेकांकडे वळलेले मारवाडी घोडे, चपळ काठेवाडी घोडे, पांढरेशुभ्र नुकरा घोडे नदीकाठी दावणीला उभे असतात. कोणाच्या आयाळीत गोंडे, तर कोणाच्या पायांत घुंगरू. गिऱ्हाईक दात पाहून वय ओळखते, चाल पाहून किंमत ठरविते.

या बाजारातील प्रत्येक घोडी काही श्रीमंताच्या पागेत जात नाही. खानदेशात नवरदेवाची वरात घोडीवरून काढतात. धुळे, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर अशा गावांत वरातीसाठी घोडी भाड्याने देऊन पोट भरणारी कुटुंबे आहेत. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि ती ज्येष्ठापर्यंत चालते. या दिवसांत घोडी कमावते आणि घर चालते. पावसाळ्यात मात्र वराती बंद, कमाई बंद. घोडीचा खुराक तेवढा चालू राहतो. घोडी लंगडू लागली, म्हातारी झाली किंवा गाभण राहिली, तर हा खुराक गरीब धन्याला जड वाटू लागतो.

गाभण घोडीची अडचण समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. गाय सुमारे नऊ महिन्यांनी विते. घोडीला अकरा महिने, म्हणजे सुमारे ३४० दिवस लागतात. वैशाखात फळलेली घोडी पुढल्या चैत्रात विते. दत्तजयंतीच्या बाजारात ती सात महिन्यांची गाभण असते. पण नवख्या गिऱ्हाइकाला ते पोटावरून सहज ओळखता येत नाही. पोटातील शिंगरू सर्वांत झपाट्याने वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि हेच माघ, फाल्गुन व चैत्राचे दिवस लग्नसराईचे! ज्या वेळी घोडीला विश्रांती आणि पोटभर अन्न हवे, त्याच वेळी वाजंत्रीच्या गजरात ती रात्र रात्र उभी असते. रानातले गवत तोवर वाळून गेलेले असते आणि कडब्याचा भाव चढलेला असतो. अशा वेळी एखादा धनी तिला गावाबाहेर नेऊन सोडून देतो.

अशी सोडलेली घोडी हमरस्त्याच्या कडेला किंवा उकिरड्याजवळ उभी दिसते. मान खाली, डोळे निस्तेज, पाठीवर खोगिराने पडलेली जखम, आणि तिच्यावर माश्या. खूर वेळेवर न कापल्यामुळे पुढे वाढून वाकलेले असतात. पाहणाऱ्याची एक फसगत मात्र हमखास होते. तिचे पोट मोठे दिसते, म्हणून ‘ही तर चांगली धष्टपुष्ट आहे’ असे तो म्हणतो. वस्तुतः ते मोठेपण शिंगराचे असते. घोडीची खरी स्थिती पाहावयाची ती वरून: कण्यावर, माकडहाडाजवळ, मानेवर, खांद्यामागे आणि फासळ्यांवर. तेथेही नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, हात फिरवून पाहावे. कारण वाढलेल्या केसांखाली हाडे लपतात. अमेरिकेतील हेन्नेके या शास्त्रज्ञाने १९८३ साली अशा सहा जागा तपासून एक ते नऊ गुण देण्याची रीत घालून दिली. एक म्हणजे केवळ हाडांचा सापळा, पाच म्हणजे मध्यम आणि नऊ म्हणजे अतिलठ्ठ. त्यांनी ही रीत घोड्यांवर नव्हे, तर मुद्दाम घोड्यांच्या माद्यांवर अभ्यास करून बसविली.

अशा घोडीला टाकून देणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. विख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल या राज्यसभेच्या सभासद असताना त्यांनी प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारे विधेयक मांडले. त्यातूनच पुढे १९६० चा कायदा झाला. जनावराला पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे, तसेच ते उपासमारीने तळमळेल अशा स्थितीत सोडून देणे, हे दोन्ही या कायद्याने गुन्हे ठरविले. पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्याने ठरविलेला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये एवढाच; एका वरातीच्या भाड्यापुढे तो काहीच नव्हे! त्यापेक्षा त्याच कायद्यातील दुसरी तरतूद अधिक उपयोगी आहे. न्यायाधीश अशा जनावराला शुश्रूषेसाठी पांजरापोळात पाठवू शकतात आणि तेथील खर्च धन्याकडून घेऊ शकतात. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आदी व्यापाऱ्यांनी पांजरापोळ स्थापिला. जळगाव व धुळे येथेही पांजरापोळ आहेत. म्हणून रस्त्यावर अशी घोडी दिसली, तर पोलीस ठाणे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि पांजरापोळ येथे वर्दी द्यावी.

धनी नेहमीच दुष्ट असतो असे नाही. ही गोष्ट डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंनी फार चांगली ओळखली होती. १९३० साली त्या इजिप्तमधील कैरो शहरात गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे तेथेच विकून टाकले होते. ते घोडे म्हातारे व जखमी होऊनही गाड्या ओढताना त्यांना दिसले. १९३१ साली त्यांनी लंडनच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि आलेल्या देणग्यांतून काही वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतील बहुतेक इतके जर्जर होते, की वेदनेतून त्यांची कायमची सुटका करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग १९३४ साली त्यांनी कैरोत घोड्यांसाठी मोफत दवाखाना काढला. गाडीवानाचे पोट घोड्यावर असते, त्याला शिक्षा करून घोडा बरा होत नाही. त्याला औषध फुकट आणि सल्ला वेळेवर मिळाला, तर घोडा टाकून देण्याची पाळी येत नाही, हे त्यांनी जाणले. खानदेशातील घोडीवाल्यालाही हेच लागू पडते.

आता आपल्या घोडीकडे येऊ. पांजरापोळात आणल्यावर पहिली ऊर्मी कोणती होते? ‘बिचारी किती दिवसांची उपाशी! तिला तोबरा भरून चंदी द्या.’ कोणी हरभरे आणतो, कोणी भाकऱ्या, तर कोणी गूळ. घोडी अधाशासारखी खाते, सर्वांना समाधान वाटते. आणि तीन ते पाच दिवसांत ती अचानक कोसळून मरते. भुकेने न मेलेली घोडी दयेने मरते.

असे का होते? फार दिवस उपाशी राहिलेले शरीर आपलीच चरबी आणि मग आपलेच स्नायू जाळून जगत असते. त्या काळात स्फुरद, मॅग्नेशियम, पोटॅशियम या द्रव्यांचा साठा घटत जातो. धान्य पोटात जाताच रक्तात साखर वाढते. ती वापरण्यासाठी शरीर इन्सुलिन सोडते, आणि साखरेबरोबर रक्तात उरलीसुरली ही द्रव्येही पेशींत ओढली जातात. रक्तातील त्यांचे प्रमाण एकाएकी घसरते. हृदयाचे ठोके चुकतात, श्वास अडखळतो. माणसाचेही असेच होते. १९४५ साली युरोपातील बंदिछावण्या खुल्या झाल्या, तेव्हा उपासमारीने खंगलेले कितीतरी कैदी भरपेट खाल्ल्यानंतर दगावले.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील पशुवैद्यांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळे चारे देऊन पाहिले. त्यांना वाळविलेला लसूणघास सर्वांत चांगला आढळला. कारण त्यात साखर व पिठूळ अंश कमी, प्रथिने भरपूर, शिवाय स्फुरद व मॅग्नेशियमही असते. खानदेशातील मळ्यांत हा घास पिकतो, हे आपले सुदैवच. पहिले तीन दिवस दर चार तासांनी केवळ अर्धा किलो घास द्यावयाचा, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवावयाचे आणि वेळा कमी करावयाच्या. दहा दिवस उलटल्यावर कोठे तिला हवे तेवढे खाऊ द्यावयाचे. स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे. धान्याला मात्र हात लावावयाचा नाही, तो पशुवैद्य सांगेपर्यंत. हे दहा दिवस घोडीपेक्षा सांभाळणाऱ्याचीच परीक्षा पाहतात. ती हिसळते, दाराकडे मान वळविते, रिकाम्या टोपलीला नाक घासते; आणि तरीही टोपली रिकामीच ठेवावी लागते.

येथे आणखी एक घोटाळा होतो. पांजरापोळातील माणसांना सवय असते गाईबैलांची. बैल रवंथ करतो, त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात. घोड्याचे पोट लहान आणि एकच. त्याला ओकारी करता येत नाही. त्यामुळे एकदम जास्त खाल्ले, की पोटशुळाने तो जमिनीवर लोळू लागतो. हिरवी, कोवळी ज्वारी खानदेशात सहज मिळते. पण तिच्यात विषारी द्रव्य असते आणि गाभण घोडीला व तिच्या शिंगराला ती विशेष बाधते. कोणी प्रेमाने आणली तरी ती परत पाठवावी.

आलेल्या घोडीला इतर जनावरांपासून वेगळे बांधणे आवश्यक असते. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा भयंकर रोग होतो. तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून मुलांनी तिच्या नाकातोंडाला हात लावू नये. पशुवैद्य तिचे रक्त तपासणीस पाठवितात. हरियाणातील हिस्सार येथे १९८५ साली घोड्यांसंबंधी संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र निघाले, ते अशा तपासण्यांसाठी प्रसिद्ध आहे. रक्तात रोग निघाला, तर तिला वाचविता येत नाही. कायद्याप्रमाणे तिला मारावे लागते. तो निकाल येईपर्यंतचे दिवस सर्वांनाच जड जातात. निकाल चांगला आला, की मग नालबंद येतो. वाढलेले खूर तो एकाच वेळी सगळे कापीत नाही, दर सहा ते आठ आठवड्यांनी थोडे थोडे छाटतो. झिजून धारदार झालेल्या दाढा कानशीने घासाव्या लागतात, नाही तर चावताना त्यांच्या कडा गालात टोचतात. जंताचे औषधही वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. आणि खरारा? तो मात्र रोज हवा. मारापलीकडे माणसाचा हात न ओळखणारी घोडी खराऱ्याखाली हळूहळू स्थिर उभी राहू लागते.

प्रसूती जवळ आल्याचे कास सांगते. ती भरून येते आणि सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमतात. घोडी बहुधा रात्री, सर्वत्र सामसूम झाल्यावर विते. गर्दी असेल तर ती चक्क वेणा लांबविते. म्हणून कंदील मंद करून दूर बसावे. पाणमोट फुटली, की अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यावे. उशीर होऊ लागल्यास वैद्याला बोलावण्यात क्षणही दवडू नये. शिंगराने तासाभरात उभे राहावे, दोन तासांत दूध पिऊ लागावे, आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, असा साधा हिशेब घोडे पाळणारे लक्षात ठेवतात.

यांतील दुसरा तास सर्वांत महत्त्वाचा. मानवी आई आपली रोगप्रतिकारशक्ती बाळाला पोटातच देते. घोडीची वार तशी नसते. शिंगरू जन्मते ते निःशस्त्र. त्याची सारी शस्त्रे पहिल्या दुधात, म्हणजे चिकात असतात, आणि शिंगराचे आतडे ती जेमतेम एक दिवस, त्यातही पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेते. उपाशी राहिलेल्या घोडीला चीक पुरेसा न येण्याचा धोका असतो. म्हणून शहाणा पशुवैद्य दुसऱ्या व्यालेल्या घोडीचा चीक आधीच मिळवून गोठवून ठेवतो.

व्यालेल्या घोडीची भूक मग खरोखरच मोठी होते. चैत्र-वैशाखात जळगावचा पारा ४४ अंशांच्या वर जातो; आणि तिला तर रोज आठ-दहा लिटर दूध तयार करावयाचे असते. दाट सावली, दिवसभर भरलेले टाके आणि मिठाचा खडा तिच्याजवळ असावा लागतो. आता चंदीही हळूहळू सुरू होते. फासळ्या झाकल्या जाण्यास तीन ते पाच महिने लागतात. आश्विनात शिंगरू सहा महिन्यांचे होते आणि दूध सोडते. तेव्हा पुन्हा एकदा घोडीच्या कण्यावर, फासळ्यांवर हात फिरवून गुण मोजतात. ते पाचाच्या जवळ आले असले, तर तिच्यासाठी चांगले घर शोधण्यास हरकत नसते. घर देताना कागदावर अट लिहून घ्यावी: दोन महिन्यांवर आलेल्या दत्तजयंतीच्या बाजारात ही घोडी विकावयाची नाही, आणि सांभाळणे जमले नाही, तर तिला येथेच परत आणून बांधावयाचे.