आजोबांचा दाखला, नातवाचं टेंडर

पिकअप परवाची, धंदा कालचा. कागद मात्र लागतो 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा. दिंडोरी तालुक्यातल्या आदिवासी तरुणाला सरकारी वाहतुकीच्या कामात ‘अनुसूचित जमातीचा उद्योजक’ म्हणून उतरायचं असेल, तर त्याची खरी वाट आरटीओतून सुरू होत नाही, बँकेतूनही नाही. आजोबा ज्या शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरच्या पिवळ्या पडलेल्या पानावरून ती सुरू होते.

दिंडोरीत गाडीवाल्यांची कमी नाही. मोहाडी, जानोरी, लखमापूर, वणी या पट्ट्यात द्राक्षाचा हंगाम लागला, की क्रेटनी भरलेल्या पिकअप रात्रभर धावत असतात. हंगाम सरला की त्याच गाड्या नाक्यावर उभ्या. हप्ता मात्र बाराही महिने चालू असतो. म्हणून महिन्याच्या ठरावीक भाड्यावर लागणाऱ्या गाडीची ओढ असते. तालुक्याला लागूनच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि प्रतिभूतींचा सरकारी छापखाना आहे. अशा केंद्रीय उपक्रमांना 2012 चा सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश लागू आहे. वर्षभरातल्या वस्तू आणि सेवांच्या खरेदीतला 25 टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं हा आदेश सांगतो. सुरुवातीला एकूण वाटा 20 टक्के होता. 2018 मध्ये तो वाढवला आणि महिलांचा हिस्साही तेव्हाच आला. भाड्याची गाडी ही सेवा, म्हणजे दिंडोरीच्या पिकअपवाल्याला या 4 टक्क्यांत जागा आहे.

जागा आहे, पण कागदावर. प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षं या 4 टक्क्यांच्या बरीच खाली राहिली आहे.

आधी दाखल्याचं बघू. जातीचा दाखला देतात प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो, त्याला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो सोबतच्या पुराव्यांना. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा आणि शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद. ही नोंद कधी मोडीत असते आणि मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. ती वाचली की दुसरा पेच. कुठे नुसतं ‘कोळी’, कुठे ‘हिंदू कोळी’, कुठे ‘म. कोळी’. घटनेनुसार निघालेल्या महाराष्ट्राच्या यादीत 29 व्या क्रमांकावर ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ आहे; नुसता ‘कोळी’ तिथे नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी घाईत दोन अक्षरं गाळली, त्याचा हिशेब आज नातवाला चुकवावा लागतो.

ही कसोशी उगाच आलेली नाही. कोळी महादेव असल्याच्या खोट्या दाव्यांवरूनच माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली आणि 2001 पासून त्यासाठी राज्याचा स्वतंत्र कायदा अमलात आला. जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. शिक्षण, नोकरी, निवडणूक यांसाठी समितीची वैधता लागते, तेव्हा पथक घरी येऊन कुलदैवत, लग्नातले विधी, आडनावं विचारू शकतं. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अखेरचा निकष नव्हे. 1950 च्या आधीच्या कागदाचं वजन मोठं. म्हणजे फिरून पुन्हा त्या पिवळ्या पानाशीच.

याच्या शेजारी सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी ठेवून पाहावी. 1 जुलै 2020 पासून ती पूर्ण ऑनलाइन आहे. आधार, पॅन, ओटीपी; गुंतवणूक आणि उलाढाल स्वतःच सांगायची, सामाजिक प्रवर्गही स्वतःच निवडायचा. अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग ‘सूक्ष्म’. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात सहज बसतो. धंदा एकट्याचा असेल तर मालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा हवा, भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर किमान 51 टक्के हिस्सा त्यांचा हवा.

खरी गोम या 51 टक्क्यांत आहे. अमेरिकेत 1982 च्या कायद्याने महामार्गांच्या निधीतला 10 टक्के वाटा सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचितांच्या छोट्या उद्योगांसाठी ठरवला, तिथेही मालकीचा आकडा 51 टक्केच. पण तिथली तपासणी हिश्श्यावर थांबत नाही. मालकाला त्या कामाची माहिती आहे का, निर्णय तोच घेतो का, गाड्या आणि माणसं त्याच्या ताब्यात आहेत का, हे जागेवर जाऊन पाहिलं जातं. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने वंश आणि लिंग यांवरून वंचित मानण्याची पद्धत काढून टाकली. आता प्रत्येकाला आपलं वंचितपण स्वतंत्रपणे सिद्ध करावं लागतं. त्यावर मतं काहीही असोत, धंदा खरंच कोण चालवतो हा प्रश्न तिथे विचारला जातो. आपल्याकडे जात शोधायला तीन पिढ्या मागे जातात आणि मालकी मात्र एका क्लिकवर मान्य होते. याचा फायदा घेणारे ‘नावाला मालक’ ठेवतात: आरसी बुक आदिवासी गड्याच्या नावावर, चेकबुक दुसऱ्याच्या खिशात. यात नुकसान होतं ते स्वतः गाडी चालवून धंदा उभा करणाऱ्याचं.

टेंडर सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर निघतं. मासिक तत्त्वावर भाड्याच्या गाडीसाठी तिथे वेगळं सदर आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रक्कम भरावी लागत नाही, हा मोठा दिलासा. सगळ्यात कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत वर बोली असली तरी काम मिळू शकतं, पण दर त्या नीचांकी बोलीइतका खाली आणायची तयारी हवी. डिझेलचा हिशेब घालून बसलेल्या माणसाला ही सवलत किती परवडते, हे त्यालाच ठाऊक. आणि निविदेत एक ओळ असते: अनुभव व उलाढालीच्या अटीतून सूट, ‘होय’ किंवा ‘नाही’. खरेदी करणाऱ्या कार्यालयाने तिथे ‘नाही’ टाकलं, की नव्या माणसाचा सारा खटाटोप त्या एका शब्दापाशी संपतो. 4 टक्के का भरत नाहीत याचं उत्तर शोधायचं, तर सुरुवात याच ओळीपासून करावी.

रस्त्याची कामं तर या धोरणाच्या बाहेरच आहेत. बांधकामाच्या कंत्राटाला ते लागू नाही. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात छोट्या कामांची वाटणी वेगळी आहे: 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना, 34 टक्के खुल्या कंत्राटदारांना. तिथेही प्रश्न तोच. मजूर म्हणून नोंदलेला सभासद खरोखर मजूर आहे का, यावरून 2022 च्या सुरुवातीला मुंबईत एका सहकारी बँकेच्या निवडणुकीपर्यंत वाद गेला होता. दिंडोरीची काही गावं 1985 च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत, शेजारचे पेठ, सुरगाणा आणि कळवण तालुकेही. नाशिकचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे आणि त्यासाठी रस्त्यांची कामं निघत आहेत. त्या खडीच्या गाड्यांवर इथली पोरं ड्रायव्हर म्हणून असतीलच. मालक म्हणून किती असतील, हे विचारायची वेळ आत्ता आहे.

ज्यांना या वाटेने जायचं आहे, त्यांनी टेंडर निघायची वाट पाहू नये. शाळेतल्या आजोबांच्या नोंदीची आणि गाव नमुना 14 ची प्रमाणित प्रत आजच काढून घ्यावी, कारण जुनी रजिस्टरं वाळवी आणि पावसापुढे फार टिकत नाहीत. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नयेत. काम झाल्यावर बिल अडलं, तर कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि ऑनलाइन तक्रार करता येते.