जिंकला एक, गर्दी दुसऱ्याकडे : शिकागोचे दोन संघ आणि 'कारण' शोधताना होणारी पंचाईत

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मंडळींसाठी आज बेसबॉलची एक गोष्ट. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही अडणार नाही, मलाही ते अर्धेच कळतात. एवढंच लक्षात ठेवा की प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यातले ८१ घरच्या मैदानावर होतात.

शिकागोत दोन मोठे संघ आहेत. शहराच्या उत्तर भागात कब्स, दक्षिण भागात व्हाइट सॉक्स. दोन्ही मैदानं एकाच रेड लाइन मेट्रोवर. २००५ साली व्हाइट सॉक्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही ह्यूस्टनला ४-० असं धुऊन. १९१७ नंतरचं त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. पुढच्या वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, त्यांनी ९० सामने जिंकले आणि घरच्या मैदानावर २९,५७,४१४ प्रेक्षक आले. संघाच्या इतिहासातला तो विक्रम.

त्याच २००६ मध्ये कब्स ९६ सामने हरले आणि आपल्या गटात तळाला गेले. त्यांचे प्रेक्षक किती? ३१,२३,२१५.

म्हणजे जगज्जेत्या संघाच्या विक्रमी वर्षीसुद्धा, तळाला गेलेल्या शेजाऱ्याकडे दीड लाखाहून जास्त माणसं गेली. का?

हा प्रश्न मी ज्या ज्या ज्युनिअरला विचारते, त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : 'तिथली संस्कृतीच तशी असेल.' कुणी म्हणतं, 'कब्स हा आधीपासूनच लाडका संघ असणार.' माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही अशाच एका ठिकाणी 'सांस्कृतिक घटक' असं लिहून मोकळी झाले होते. गाइडनी त्या शब्दांभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि बाजूला फक्त '?' लिहिलं. तेव्हा राग आला होता. आता तसाच गोल मी इतरांच्या कागदावर काढते.

'आधीपासूनच' हे उत्तर तर तपासून बघता येतं, आणि ते चूक निघतं. १९५९ मध्ये व्हाइट सॉक्स आपली लीग जिंकले. १९६० मध्ये त्यांच्याकडे १६,४४,४६० प्रेक्षक आले, कब्सकडे ८,०९,७७०. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तेही दक्षिणेकडे! १९५१ ते १९६७ अशी सलग सतरा वर्षं व्हाइट सॉक्स हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकत होते आणि त्यातली बहुतेक वर्षं गर्दीही त्यांच्याकडेच होती. १९९१ मध्ये त्यांचं नवं स्टेडियम उघडलं, तेव्हाही त्यांचे प्रेक्षक २९ लाखांवर होते आणि कब्सचे २३ लाख. थोडक्यात, आज जे 'कायमचं' वाटतं ते एका ठरावीक काळात घडलेलं आहे. मग प्रश्न असा होतो : पारडं फिरलं कधी आणि कशानं?

शिकागोत यावर एक लोकप्रिय कथा सांगितली जाते, आणि ती चांगली आहे. १९८१ मध्ये दोन्ही संघांचे मालक बदलले. कब्स ट्रिब्यून कंपनीनं घेतले. या कंपनीचं डब्ल्यूजीएन हे टीव्ही चॅनल केबलवरून देशभर पोचत होतं, त्यामुळे कब्सचे सामने घराघरांत दिसायला लागले. व्हाइट सॉक्स जेरी राइन्सडॉर्फ आणि एडी आइनहॉर्न यांनी घेतले. त्यांनी बरोबर उलटी चाल खेळली. १९८२ पासून आपले बरेचसे सामने स्पोर्ट्सव्हिजन या पैसे भरून बघायच्या सेवेवर नेले. तिकीट काढून येणाऱ्याला घरी फुकट कशाला दाखवायचं, असा हिशोब. त्यात भर म्हणजे, अकरा वर्षं व्हाइट सॉक्सचं समालोचन करणारा, सामन्याच्या मध्यात अख्ख्या मैदानाला गायला लावणारा हॅरी कॅरे त्याच वेळी कब्सकडे गेला.

आणि कब्सच्या रिग्ली फील्डवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते. म्हणजे घरचे सगळे सामने दुपारी. शाळा सुटून घरी आलेल्या मुलानं टीव्ही लावला की समोर कब्स! बिचाऱ्या व्हाइट सॉक्सचा सामना बघायचा तर वडिलांनी महिन्याचे पैसे भरलेले हवेत.

ही कथा ऐकून मान डोलावण्याआधी आकडे बघू. टीव्हीमुळे चाहते गेले असतील, तर १९८३ मध्ये व्हाइट सॉक्सची गर्दी कमी व्हायला हवी. झालं उलटंच. त्या वर्षी त्यांनी ९९ सामने जिंकले आणि प्रेक्षक २१,३२,८२१ झाले. कब्सकडे आले १४,७९,७१७. १९८४ मध्ये कब्स आपला विभाग जिंकले, तरी आकडे सांगतात : व्हाइट सॉक्स २१,३६,९८८, कब्स २१,०७,६५५. म्हणजे अजून व्हाइट सॉक्सच पुढे?

इथे थांबा, कारण इथे मी स्वतः फसले होते. त्या काळात अमेरिकन लीग, जिच्यात व्हाइट सॉक्स खेळतात, विकलेली तिकिटं मोजायची. कब्सची नॅशनल लीग १९९२ पर्यंत गेटमधून प्रत्यक्ष आत आलेली माणसं मोजायची. तिकीट काढून घरी बसलेला माणूस एकीकडे 'प्रेक्षक' होता, दुसरीकडे नव्हता. १९८४ मधला फरक २९ हजारांचा. ८१ सामन्यांत विभागला तर सामन्यामागे साडेतीनशेच्या आसपास माणसं. एवढी माणसं तर पावसाच्या शक्यतेनंसुद्धा घरी राहतात. म्हणजे त्या वर्षी खरोखर कोण पुढे होतं, हे या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही. १९८३ चा साडेसहा लाखांचा फरक मात्र मोजणीच्या पद्धतीनं पुसला जाईल असं वाटत नाही. डेटा डाउनलोड केल्यावर आधी कॉलमची व्याख्या वाचा, असं सगळे सांगतात. मी कॉलमचं नाव वाचलं होतं. ते दोन्हीकडे सारखंच होतं.

दुसरी अडचण रिग्लीच्या आकाराची. तिथे सुमारे ४१ हजार माणसं मावतात. २००६ मध्ये सरासरी साडेअडतीस हजार आली, म्हणजे मैदान जवळजवळ भरलेलं. टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थहाइम यांनी 'स्कोअरकास्टिंग' या पुस्तकात दाखवलंय की कब्सची गर्दी हार-जितीपेक्षा बिअरच्या किमतीला जास्त दाद देते. निष्कर्ष मजेदार आहे, लोकांना आवडतो. पण एक शंका घ्यावीच लागते : मैदान भरल्यावर पंधरा हजार माणसं परत गेली काय आणि पन्नास हजार गेली काय, आकडा तोच राहणार. संघ जिंकल्यानं मागणी वाढली तरी ती आपल्याला दिसणारच नाही. याला सेन्सॉर झालेला डेटा म्हणतात.

आता पुन्हा टीव्हीकडे. ती कथा टाकून द्यायची का? मला वाटतं, नाही. ती बहुधा चुकीच्या वर्षांवर तपासली जाते. सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरच्या लाइक्सवरून न्यूयॉर्कच्या मेट्सचे चाहते जन्मसालानुसार मांडले. मेट्सचीही अवस्था तीच, शेजारी यांकीज. १९६९ आणि १९८६ या मेट्सच्या दोन विजेतेपदांच्या वेळी जे मुलगे आठेक वर्षांचे होते, त्यांच्यात मेट्सचे चाहते ठळकपणे जास्त निघाले. म्हणजे संघ आज जे करतो त्याचं फळ वीस वर्षांनी, ते पोर स्वतःच्या पैशानं तिकीट काढायला लागल्यावर मिळतं.

हे शिकागोला लावलं तर १९८२ नंतरची आठ वर्षांची मुलं नव्वदीच्या शेवटी तिकिटं काढायला लागली असतील. १९९९ मध्ये व्हाइट सॉक्सकडे १३ लाखांच्या वर माणसं आली आणि कब्सकडे २८ लाख. बसतंय! पण मध्येच १९९४ चा संप आहे, ज्यात व्हाइट सॉक्स आघाडीवर असताना हंगामच रद्द झाला. १९९७ मध्ये फक्त साडेतीन सामने मागे असताना मालकांनी चांगले गोलंदाज विकून टाकले, तो राग आहे. १९९८ मध्ये कब्सच्या सॅमी सोसाचे ६६ होमरन आहेत. रिग्लीभोवतीची वस्ती याच काळात तरुण, पगारदार आणि बारनी गजबजलेली झाली. सगळी कारणं त्याच आठ-दहा वर्षांत एकमेकांवर चढून बसलीत. वार्षिक गर्दीच्या आकड्यांवर कितीही रिग्रेशन चालवा, ती वेगळी होणार नाहीत.

वेगळी करायची तर माणसांकडे जावं लागेल. जन्मसाल विचारा, लहानपणी राहायचात कुठे ते विचारा, आता राहता कुठे तेही. टीव्हीची कथा खरी असेल तर १९७४ च्या आसपास जन्मलेल्यांपासून, अगदी दक्षिण भागात वाढलेल्यांतही, कब्सचं प्रमाण वाढलेलं दिसायला हवं. वस्तीची कथा खरी असेल तर जन्मसालानं फारसा फरक पडणार नाही, आताच्या पत्त्यानं पडेल. १९९७ मध्ये जन्मलेली, २००५ चं विजेतेपद आठव्या वर्षी पाहिलेली मुलं व्हाइट सॉक्सकडे झुकलेली निघाली, तर मेट्सची गोष्ट इथेही लागू होते म्हणायचं.

एक गाठ तरीही राहते. १९८४ मध्ये कब्स टीव्हीवरही होते आणि जिंकतही होते. तेव्हाचा आठ वर्षांचा मुलगा कशामुळे कब्सचा झाला, हे जन्मसालावरून सुटत नाही. पण १९८५ ते १९८८ अशी सलग चार वर्षं कब्स जिंकण्यापेक्षा जास्त हरले, आणि टीव्हीवर मात्र रोज दुपारी होतेच. मी हे काम करत असते, तर १९७७ ते १९८० मध्ये जन्मलेल्यांपासून सुरुवात केली असती.