कोनदार गिटार घेताना
गिब्सनने 1958 मध्ये ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्सप्लोरर’ आणल्या, तेव्हा त्यांना फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे रॉक-मेटलवाल्यांनी त्या डोक्यावर घेतल्या. मूळ गिब्सन खिशाला जड. एपिफोन किंवा जॅक्सनच्या जेएस मालिकेत तसाच टोकदार आकार बऱ्याच कमी पैशांत मिळतो.

दुकानात बसून वाजवून पाहाच. व्ही मांडीवरून घसरते. तिची खाच उजव्या मांडीवर अडकवावी लागते. मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. मान खाली झुकली, तर वाजवताना तिचं ओझं सतत त्याच हातावर येणार. भरीव आवाजासाठी हंबकर पिकअप हवेत. स्वस्तातला हलता ट्रेमोलो ब्रिज टाळा, सूर लवकर उतरतात. थोडे पैसे अ‍ॅम्पला आणि मापाच्या केसला राखून ठेवा. नेहमीच्या पिशवीत ही गिटार मावत नाही.