टेक्सासात म्हणे करच नाही! सॅन होजे आणि ऑस्टिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील सॅन होजे आणि टेक्सासची राजधानी ऑस्टिन ही शहरे राहण्याच्या दृष्टीने नेहमी शेजारी ठेवून पाहिली जातात. आकाराने ती सारखीच आहेत: २०२० च्या जनगणनेत सॅन होजेची लोकसंख्या १०,१३,२४० आणि ऑस्टिनची ९,६१,८५५ होती. चिप आणि सॉफ्टवेअर हा दोन्हीकडचा मुख्य धंदा आहे. ॲपल, एएमडी यांसारख्या कंपन्यांची मोठी कार्यालये दोन्ही परिसरांत असल्याने नोकरी न बदलताही शहर बदलता येते. त्यामुळे ‘बे एरिया सोडून ऑस्टिनला जावे का?’ हा प्रश्न भारतीय आणि मराठी कुटुंबांत वर्षानुवर्षे चघळला जातो, आणि त्याचे एकच तयार उत्तर दिले जाते: ‘टेक्सासात करच नाही.’

हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने फेकले जाते, की ते तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. ऑस्टिनला जाण्याचा निर्णय बरोबर ठरू शकतो. त्यासाठी दिले जाणारे हे कारण मात्र अर्धवट आहे.

मुख्य गैरसमज: ‘टेक्सासात कर भरावा लागत नाही.’

टेक्सासात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा आयकर नाही, एवढेच खरे आहे. तो लावता येऊ नये म्हणून २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती केली. पण केंद्राचा आयकर ऑस्टिनमध्येही तितकाच कापला जातो जितका सॅन होजेत. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्केही सुटत नाहीत. पगाराच्या पावतीवरून जाते ती राज्याच्या करांची ओळ, आणि सर्वांत मोठी कपात सहसा त्या ओळीची नसतेच.

आयकर नाही म्हणून टेक्सासच्या शाळा, रस्ते आणि पोलीस फुकटात चालत नाहीत. तो पैसा विक्रीकरातून आणि मुख्यतः घरपट्टीतून येतो. घरपट्टी म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला वर्षाकाठी भरायचे काही हजार रुपये आठवतात. ऑस्टिनची घरपट्टी त्या जातीची नव्हे. २०२४ मध्ये शहर, काउंटी, शाळा-जिल्हा, आरोग्य-जिल्हा आणि कम्युनिटी कॉलेज यांचे दर मिळून ऑस्टिन शहरात ती घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या अगदी जवळ होती, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या शाळा-जिल्ह्याचा होता. लिअँडर, राउंड रॉक अशा उपनगरांतील नव्या वसाहतींत पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी काढलेल्या कर्जाची वसुली करणारा आणखी एक जिल्हा असतो. तिथले लोक त्याला ‘मड’ म्हणतात. हा मड धरून एकूण दर अडीच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. घर बघायला गेलेल्याला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा कौतुकाने दाखवतात. मडचा दर त्याला स्वतः विचारावा लागतो.

दर वर्षी एप्रिलच्या सुमारास मूल्यांकन कार्यालयाचे पाकीट घरी येते. घराची किंमत आता किती धरली आहे, ते त्यात लिहिलेले असते. आकडा मान्य नसेल, तर साधारणपणे १५ मेपर्यंत हरकत नोंदवायची असते. शेजारच्या घरांच्या किमती आणि तडा गेलेल्या पायाचे फोटो घेऊन लोक सुनावणीला जातात, आणि दर वर्षी हरकती घेणे हा तिथल्या घरमालकांचा रिवाजच झाला आहे. बिल शरद ऋतूत निघते आणि ३१ जानेवारीच्या आत भरावे लागते. गृहकर्ज असलेल्यांकडून बँक हीच रक्कम मासिक हप्त्यात वसूल करते. म्हणून व्याजाचा दर तीस वर्षांसाठी स्थिर असला, तरी हप्ता वाढतो आणि नव्याने आलेले घरमालक बँकेला फोन लावून ‘चूक झाली’ म्हणून सांगतात. चूक झालेली नसते.

स्वतः राहत असलेल्या घराला सवलती आहेत. करपात्र किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. शाळेच्या करातून वगळली जाणारी रक्कम २०२३ मध्ये ४० हजारांवरून १ लाख डॉलर झाली आणि २०२५ मध्ये मतदारांनी ती १ लाख ४० हजारांवर नेली. मात्र या सवलती अर्ज करून मिळतात. बे एरियात राहून ऑस्टिनमध्ये भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराला त्या लागूच होत नाहीत.

आता आकडेमोड. ऑस्टिन शहरात ५ लाख डॉलरचे घर असेल आणि कुटुंब त्यात राहत असेल, तर २०२४ च्या दरांनी, सवलती वजा जाता, घरपट्टी ८ हजार डॉलरच्या आसपास येते. हा आकडा कॅलिफोर्नियाच्या आयकराशेजारी ठेवून पाहावा. एकत्र विवरणपत्र भरणारे जोडपे, फक्त प्रमाणित वजावट आणि २०२४ चे करटप्पे धरले, तर:

उत्पन्न १ लाख २० हजार डॉलर असेल, तर कॅलिफोर्नियाचा आयकर सुमारे ३,४०० डॉलर होतो. पगारातून कापली जाणारी राज्याच्या अपंगत्व विम्याची १.१ टक्का वर्गणी धरून ४,७०० डॉलर. म्हणजे या उत्पन्नगटात ऑस्टिनची घरपट्टी कॅलिफोर्नियाच्या आयकरापेक्षा जड आहे.

उत्पन्न २ लाख डॉलर असेल, तर आयकर १० हजारांच्या थोडा वर आणि वर्गणीसह साडेबारा हजार. इथे टेक्सास पुढे जाते, पण साडेचार हजारांनीच.

उत्पन्न ६ लाख डॉलर असेल, तर आयकर ४८ हजारांच्या आसपास आणि वर्गणीसह ५४ हजारांहून अधिक. इथे टेक्सासचा फायदा घसघशीत आहे.

थोडक्यात, ‘कर नाही’ हा शोध कंपनीच्या शेअर्सवर लाखो डॉलर कमावणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे आणि तो सव्वा लाखाच्या कुटुंबाला जसाच्या तसा विकला जातो. याबद्दल शंका असेल, तर इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेचा २०२४ चा अभ्यास पाहावा. राज्य आणि स्थानिक कर मिळून टेक्सासात सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील कुटुंबे उत्पन्नाच्या सुमारे १३ टक्के भरतात, तर सर्वांत श्रीमंत एक टक्का ५ टक्क्यांहून कमी. कॅलिफोर्नियात ही दोन्ही टोके १२ टक्क्यांच्या आसपास आहेत. भाड्याने राहणाराही यातून सुटत नाही. घरपट्टीचे पाकीट त्याच्या नावाने येत नाही, पण घरमालक भाडे ठरवताना ती हिशोबात धरतोच.

शेअर्सबाबत आणखी एक भ्रम आहे. कॅलिफोर्नियात काम करताना कबूल झालेले शेअर्स ऑस्टिनला गेल्यावर हातात पडले, तर तो कर सुटला, असे समजले जाते. कबुलीपासून शेअर्स मिळेपर्यंतच्या काळातले जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले, त्या प्रमाणात कॅलिफोर्निया कर मागते. सामानाचा ट्रक राज्याची हद्द ओलांडून गेला, तरी हा कर मागे राहत नाही.

मग ऑस्टिन स्वस्त का?

ऑस्टिन खरोखरच स्वस्त आहे, पण ते घरांच्या किमतीमुळे. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत सॅन होजे परिसरातील स्वतंत्र घराची मध्य किंमत २० लाख डॉलरच्या पुढे गेली. असे घडलेला तो देशातला पहिला महानगर परिसर. ऑस्टिन परिसरात तशाच घराची किंमत ५ लाखांच्या आसपास होती. दीड लाखाची डाउन पेमेंट जमवलेल्या जोडप्याला ऑस्टिनमध्ये चार खोल्या आणि अंगण मिळते, सॅन होजेत कर्जाचा अर्जही पुढे सरकत नाही. २ लाखांच्या कुटुंबाला वर्षाकाठी साडेचार हजारांचा फरक करामुळे पडतो आणि एकरकमी पंधरा लाखांचा फरक घरामुळे. तरी चर्चा सगळी साडेचार हजारांची!

कॅलिफोर्नियातही घरपट्टी आहे, हे इथे सांगायला हवे. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ नुसार मूळ दर करपात्र किमतीच्या एक टक्का आहे. स्थानिक रोख्यांची भर पडून सॅन होजेत तो सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. पण ही करपात्र किंमत घर विकले जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. १९९० मध्ये ३ लाखांना घेतलेले घर पस्तीस वर्षांनी करासाठी फार तर ६ लाखांचे धरले जाते. त्याच गल्लीत, त्याच नकाशाचे घर यंदा २० लाखांना घेणारा शेजारी तिपटीहून अधिक कर भरतो. म्हणून जुन्या मालकाने सॅन होजेचे घर विकून ऑस्टिनला जाणे आणि भाडेकरू जोडप्याने जाणे, हे दोन वेगळे हिशोब आहेत. पहिला जपून ठेवलेला स्वस्त कर सोडून जातो, दुसऱ्याकडे सोडण्यासारखे काही नसते.

बाकीचे गैरसमज

‘कॅलिफोर्निया पगाराचे १३ टक्के नेते.’ १३.३ टक्के हा दर १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला लागतो, तोही फक्त वरच्या भागाला. २ लाखांच्या जोडप्याचा सरासरी आयकर ५ टक्क्यांच्या आसपास येतो.

‘विक्रीकर फक्त कॅलिफोर्नियात जाचक.’ ऑस्टिनमध्ये तो ८.२५ टक्के आहे, सॅन होजेत ९ टक्क्यांच्या वर. फरक आहे, पण तो डांगोरा पिटण्याइतका नाही. बहुतेक किराण्यावर दोन्हीकडे विक्रीकर नाही. कॅलिफोर्नियातले पेट्रोल मात्र टेक्सासपेक्षा खरोखरच बरेच महाग आहे.

‘ऑस्टिनमध्ये घर घेतले की किंमत वाढतच जाते.’ मे २०२२ मध्ये ऑस्टिन परिसरातील मध्य किंमत ५ लाख ५० हजार डॉलरवर पोचली आणि त्यानंतर खाली आली. नवी बांधकामे भरपूर झाल्याने भाडीही उतरली. २०२२ च्या उन्हाळ्यात चढाओढीने घर घेतलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘सगळ्या कंपन्या टेक्सासला गेल्या.’ ओरॅकलने २०२० मध्ये आणि टेस्लाने २०२१ मध्ये मुख्यालय ऑस्टिनला नेले, हे खरे. पण टेस्लाने २०२३ मध्ये अभियांत्रिकीचे मुख्यालय पुन्हा पालो आल्टोत उघडले आणि ओरॅकलच्या अध्यक्षांनी २०२४ मध्ये पुढच्या मुख्यालयासाठी नॅशव्हिलचे नाव घेतले. ॲपल, गूगल, एनव्हिडिया, सिस्को आणि अडोबी यांची मुख्यालये सॅन होजे आणि आसपासच्या गावांतच आहेत. नोकरी गेली, तर दुसरी किती अंतरावर मिळेल, या प्रश्नाचे उत्तर अजून तरी सॅन होजेच्या बाजूने आहे.

‘टेक्सास म्हणजे वाळवंट.’ ऑस्टिनमध्ये वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो पुण्यापेक्षा जास्त आणि सॅन होजेच्या दुपटीहून अधिक आहे. कोरडे शहर सॅन होजे आहे.

‘विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्याला ऑस्टिनचे ऊन काय करणार?’ २०२३ मध्ये ऑस्टिनचा पारा सलग ४५ दिवस १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, म्हणजे ३८ अंश सेल्सियसच्या आसपास. चंद्रपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्याच्याकडे जूनमध्ये पाऊस येऊन सुटका करतो. ऑस्टिनचे हे ४५ दिवस जुलै-ऑगस्टचे होते.

‘तिथे हिवाळा नसतोच.’ फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासात ४५ लाखांच्या आसपास घरांची वीज गेली आणि सरकारी नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. ऑस्टिनमध्ये पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला. टेक्सासचे वीजजाळे शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ अलग आहे, त्यामुळे बाहेरून वीज घेण्याला मर्यादा पडली. थंडीचा दुसरा उपद्रव परागकणांचा. डिसेंबर ते फेब्रुवारीत डोंगरी सीडरचा पराग उडतो आणि धडधाकट माणसेही शिंकून बेजार होतात. तिथे या दुखण्याला ‘सीडर फीव्हर’ म्हणतात, प्रत्यक्षात ताप नसला तरी.

‘ऑस्टिनला गेले की मराठी माणसे तुटतात.’ बे एरियातला मराठी समाज मोठा आणि जुना आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन सॅन होजेतच भरले. पण ऑस्टिनमध्येही मराठी मंडळ आहे आणि गणपतीही बसतात.

‘कॅलिफोर्नियात भूकंप, टेक्सास सुरक्षित.’ १९८९ चा ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप सॅन होजेच्या दक्षिणेकडील डोंगरांत झाला, आणि तसा पुन्हा होऊ शकतो. पण ऑस्टिन ज्या टेकड्यांच्या कडेला वसले आहे, तो पट्टा अचानक येणाऱ्या पुरांसाठी ओळखला जातो. जुलै २०२५ मध्ये याच टेकड्यांत ग्वादालूपे नदीला आलेल्या पुराने शंभराहून अधिक बळी घेतले. घराच्या नेहमीच्या विम्यात सॅन होजेत भूकंपाचे नुकसान धरलेले नसते आणि ऑस्टिनमध्ये पुराचे. दोन्हीकडे त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.