मुनीम बदलला तरी वही शाबूत राहावी
दुकानाचा प्रोग्राम डेटाबेसला कसा जोडला आहे, हे मालकाने का विचारावे?

ईदच्या आदल्या आठवड्यात कापड दुकानात गल्ल्यावर बसलेल्याला मान वर करायला फुरसत नसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमच्या साताऱ्याच्या दुकानात बिल होता होता वीज गेली. बॅटरीनेही दगा दिला. वीज आल्यावर संगणकाने पाच साड्या साठ्यातून वजा केल्या होत्या, पण गिऱ्हाइकाच्या खात्यावर उधारी चढलीच नव्हती. गिऱ्हाईक इमानदार होते. महिन्याभराने स्वतः पैसे घेऊन आले, तेव्हा आम्हाला पत्ता लागला. अशा आणखी किती उधाऱ्या बुडाल्या, याचा हिशेब आजही लागलेला नाही.

प्रोग्राम करून देणाऱ्याने दोष विजेवर ढकलला. खरा दोष होता प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या जोडणीचा. ही जोडणी काय असते, हे व्यापारी बंधूंनी एकदा समजून घेतले, तर सॉफ्टवेअर घेताना चार नेमके प्रश्न विचारता येतात. त्यासाठी पदवी लागत नाही. ज्याला वही लिहिता येते, त्याला हे समजते.

मुनीम वेगळा, वही वेगळी

पडद्यावर दिसणारा बिलाचा नमुना, बटणे, छापून येणारी पावती हा सगळा झाला प्रोग्राम. त्याला मुनीम समजा. हिशेब मात्र मुनिमाच्या डोक्यात राहत नाही, वहीत राहतो. ती वही म्हणजे डेटाबेस. मुनीम घरी गेला, संगणक बंद झाला, तरी वहीतले अक्षर पुसले जात नाही.

आज सर्वत्र चालणारी या वहीची रचना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. माहिती रकाने आणि ओळींच्या तक्त्यांत ठेवायची, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध खुणेच्या क्रमांकाने जोडायचा. आपण रोजकीर्दीत खतावणीचे पान लिहितो, तसाच हा प्रकार. या वहीला सवाल विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल.

मुनीम एका भाषेत बोलतो, वही दुसऱ्या. म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्याने कोणत्या रीतीने बोलावे, याचे ठरलेले नियम १९९२ साली मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसीने आणले. जावा भाषेसाठी तेच काम १९९७ साली जेडीबीसीने केले. कामाचा क्रम चार पायऱ्यांचा असतो. दरवाजा उघडा, सवाल विचारा, जवाब घ्या, दरवाजा बंद करा.

लग्नाचा बस्ता आणि दोन वह्या

आजचे बहुतेक प्रोग्राम ऑब्जेक्टच्या पद्धतीने लिहिले जातात. ऑब्जेक्ट म्हणजे आपले सामान आणि आपले हुन्नर बरोबर घेऊन बसलेला कारीगर. त्याच्या पेटीत दुसऱ्याने हात घालायचा नाही, काम त्यालाच सांगायचे. एका ठशातून छिपा अनेक छाप उठवतो, तसे एका नमुन्यातून असे अनेक कारीगर तयार होतात. बिल हा एक ऑब्जेक्ट, गिऱ्हाईक दुसरा, तागा तिसरा. बिलाला आपली बेरीज स्वतः करता येते.

अडचण वहीशी गाठ पडते तेव्हा येते. लग्नाचा बस्ता घ्या. दुकानदाराच्या नजरेत तो एकच सौदा. वहीत मात्र बिलांच्या तक्त्यात त्याची एक ओळ जाते, मालाच्या तक्त्यात तीस-चाळीस ओळी जातात, आणि प्रत्येक ओळीवर बिलाचा तोच क्रमांक पडतो. बस्ता लिहिताना सोडायचा, वाचताना पुन्हा बांधायचा. हे काम प्रोग्राममध्ये जागोजागी विखुरले, की चुका शोधता शोधता नाकीनऊ येतात. म्हणून शहाणा प्रोग्रामर त्यासाठी एकच ऑब्जेक्ट नेमतो. वहीपर्यंत जायचा दरवाजा त्याच्याच ताब्यात. २००१ साली आलेल्या हायबरनेटसारख्या साधनांनी यातली बरीच हमाली कमी केली.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात सुरू केलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचे सुरुवातीचे नाव डेटाबेसच्या कामावरच झाले. संगणकाच्या भाषेत पर्सिस्टंट म्हणजे प्रोग्राम बंद झाला तरी टिकून राहणारे. व्यापाऱ्याला आणखी काय हवे?

वारणेचा धडा

दरवाजा एकाच ठिकाणी असण्याचा फायदा काय, हे आपल्या शेजारीच पाहायला मिळाले. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे त्यात होती. गावातल्या केंद्रावर संगणक बसले. आपल्या उसाचे वजन किती भरले, ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली.

पण संगणक, त्याची दुरुस्ती, वीज, सगळाच खर्च. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. गावातल्या संगणकाऐवजी मोबाइलवरचा एसएमएस. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उत्तर फोनवरच यायचे. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की संगणकावरची सगळी कामे फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत जास्त पसंत पडली.

यातले मर्म ओळखा. मुनीम बदलला. संगणक गेला, फोन आला. उसाच्या वजनाची नोंद मात्र तीच राहिली. उद्या आपल्या दुकानातही बिलाचे यंत्र जाऊन मोबाइल येईल. त्या दिवशी वीस वर्षांची उधारी-खाती नव्या मुनिमाच्या हाती देता आली पाहिजेत.

हे चार प्रश्न विचारा

पहिला : अर्धी नोंद राहील का? साठा वजा, बिल जमा, उधारी नावे, या तिन्ही नोंदी एकाच गाठोड्यात बांधता येतात. त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. तिन्ही झाल्या तर पक्क्या, म्हणजे कमिट. एक जरी राहिली तरी तिन्ही रद्द, म्हणजे रोलबॅक. आमच्या दुकानात हीच गाठ मारलेली नव्हती.

दुसरा : उघडलेला दरवाजा बंद होतो का? डेटाबेसला एका वेळी ठरावीकच जोडण्या पेलतात. प्रोग्राम त्या उघडत गेला आणि बंद करायला विसरला, की दुपारपर्यंत काम अडते आणि संगणक बंद करून चालू केला की सुरळीत होते. ही खूण दिसली तर समजा, दोष इथे आहे. मोठ्या दुकानात थोड्या जोडण्या तयार ठेवून आळीपाळीने वापरतात. स्टँडवरची रिक्षा उतारू सोडून परत रांगेत येते, तशी.

तिसरा : गिऱ्हाइकाने सांगितलेले नाव जसेच्या तसे एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवले जाते का? इंग्रजीत डिसूझा हे नाव लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो. तेवढ्यानेही असे वाक्य मोडते. आणि बदमाश माणूस नावाच्या जागी हुकूम लिहून अख्खी वही वाचू किंवा पुसू शकतो. उपाय सोपा आहे. छापील फॉर्ममध्ये रिकाम्या जागा सोडतात, तसे वाक्य आधी ठरवायचे आणि नाव फक्त त्या जागेत भरायचे.

चौथा : वही कुणाची? डेटाबेसचा पासवर्ड मालकाकडे हवा. प्रोग्रामच्या मजकुरात तो उघडा लिहिलेला नसावा. आणि सगळी माहिती दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात काढून मिळेल, हे सौदा होण्याआधी लेखी घ्यावे.

शेवटी एक सल्ला. नवे सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा खऱ्या हिशेबाला हात न लावता, नकली माहिती भरून दहा कलमांचे उधारीचे बिल करा. बिल अर्ध्यावर असताना प्रोग्राम जबरदस्तीने बंद करायला सांगा. पुन्हा सुरू करून साठा, बिल आणि उधारी तिन्ही ताडून पाहा. मेळ बसला तरच शेवटचा हप्ता द्या. आम्ही नवा प्रोग्राम घेताना हेच केले. पहिल्या खेपेला मेळ बसला नाही. पैसे हातात होते म्हणून दुरुस्ती आठ दिवसांत झाली.