जुन्या गाडीतला ‘ईसीएम’ नेमका असतो कुठे? बदलण्याआधी हे वाचा

गाडी स्टार्ट होत नाही, स्कॅनर जोडला जात नाही आणि कुणीतरी निदान करतं, “ईसीएम गेलाय!” पण हा डबा असतो कुठे आणि तो खरंच गेलाय का?

ईसीएम म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक. सेन्सरकडून माहिती घेऊन तो पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवतो. साध्या कार्बोरेटरच्या गाडीत तो सहसा नसतोच. मारुती ८०० हे चांगलं उदाहरण. १९८३ मध्ये ती कार्बोरेटर घेऊन आली आणि पुढे तिलाच एमपीएफआय इंजिन मिळालं. म्हणून नाव नव्हे, इंजिन बघा.

शोधायचं कसं?

इंजिनाचा ईसीएम बहुधा ग्लोव्हबॉक्सच्या मागे, डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटमध्ये बॅटरीजवळ असतो. चपटा धातूचा डबा आणि त्यात शिरणारा वायरींचा जाड जुडगा ही त्याची खूण. ब्रेकच्या धातूच्या नळ्या जोडलेला डबा दिसला, तर तो एबीएसचा. गिअर लिव्हरजवळ, मधल्या कन्सोलखाली असतो तो बहुतेक वेळा एअरबॅगचा. त्याला हात लावू नका. चुकीच्या हाताळणीने एअरबॅग उघडून इजा होऊ शकते.

डबा सापडला, आता?

आधी बॅटरी, फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासा. चावी ‘ऑन’ केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर ईसीएमपर्यंत वीजच पोहोचत नसेल. सॉकेट काढण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल आणि आसपासचा पूर्णा खोऱ्याचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने बॉनेटखाली फवारा मारला, तर सॉकेटच्या पिना गंजू शकतात. शेतात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. दोन्ही वेळा खापर फुटतं ते ईसीएमवर!

डबा खरंच खराब निघाला, तर त्यावरचा पार्ट नंबर तंतोतंत जुळवूनच दुसरा घ्या. इमोबिलायझर असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा ईसीएम कोडिंग केल्याशिवाय सहसा चालत नाही. ही खात्री न करता घेतलेला सेकंड हँड डबा म्हणजे पैसे पाण्यात.