अंदमानची बॅग भरताना

नाताळच्या सुटीत तुम्ही अंदमानला निघाला आहात असे समजा. आई विचारते, ‘‘काय काय घेऊ?’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भूगोलाच्या व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत दडलेले आहे, बरे का!

कपड्यांपासून सुरुवात करू. पोर्ट ब्लेअरचे (२०२४ पासून त्याचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) तापमान वर्षभर साधारण २३ ते ३१ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यातील नागपूरपुढे हे काहीच नाही. मग तेथे जीव इतका का घामाघूम होतो? त्वचेवरील एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. पण हवेतच बाष्प भरपूर असेल, तर घाम वाळायचा कसा? तो नुसता निथळतो.

हे शाळेत पडताळून पाहता येईल. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि दोघांना पंख्याचा वारा द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन्ही तापमानांत पंधरा अंशांहूनही अधिक फरक पडेल. हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर तो फरक जेमतेम तीन अंश राहील. बेटावर घामाने मिळणारा गारवाही असाच तुटपुंजा असतो.

म्हणून कपडे पातळ, सैल आणि लवकर वाळणारे हवेत. आम्ही पहिल्या खेपेस जीनची जाड पँट नेली होती. ती एकदा भिजली, ती तीन दिवस वाळेना; शेवटी कुबट वासासकट पिशवीत कोंबून घरी आणली!

आता घड्याळाकडे या. मुंबई ७३ पूर्व रेखांशावर, तर पोर्ट ब्लेअर सुमारे ९३ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे वीस अंशांना ऐंशी मिनिटे झाली. घड्याळ मात्र सर्व भारतात एकच. त्यामुळे तेथे सूर्य सव्वाअकराच्या सुमारासच मध्यान्हीला येतो आणि डिसेंबरात पाच वाजताच मावळू लागतो. तेव्हा बॅगेत विजेरी हवी, आणि रुंद काठाची टोपी सकाळी लवकरच डोक्यावर चढायला हवी.

उन्हासाठी मलमही नेतात. काही मलमांतील ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळांच्या अळ्यांना घातक ठरते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. खुल्या समुद्रात त्याचा परिणाम किती, याविषयी मतभेद आहेत. तरी पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून अशा मलमांवर बंदी घातली. आमचे मत विचाराल तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच पाण्यात उतरावे. अतिनील किरण कापडानेही अडतात आणि कापड पाण्यात विरघळत नाही.

कॅमेरा नेणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. बाहेर हवा ३० अंश व आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. वातानुकूलित खोलीतून २२ अंशांचा कॅमेरा बाहेर काढताच त्याच्या भिंगावर दव जमते. तो आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्यावा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी मिळते, ती फेकू नका. कॅमेऱ्याच्या पिशवीत ती उपयोगी पडेल.

आता बूट. ते भरण्यापूर्वी तळ घासून धुवा. तळाच्या चिखलातून बी-बियाणे बेटावर पोहोचते. ब्रिटिशांनी अंदमानात चितळे आणून सोडली. तेथे ना वाघ, ना बिबट्या. चितळे वाढत गेली आणि जंगलातील कोवळी रोपे फस्त करू लागली. एखादे तण रुजले तर त्याचेही असेच होऊ शकते.

परतताना बॅगेत थोडी जागा उरेल. तीत प्रवाळाचा तुकडा टाकण्याचा मोह होईल. पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. शंखांच्या कित्येक जातींनाही तोच कायदा लागू आहे. शिवाय किनाऱ्यावरचा शंख उचललात तर क्षणभर तळहातावर धरून पाहा. आतून बारीक पाय बाहेर आले, तर तो रिकामा शंख नव्हे. तेथे संन्यासी खेकडा राहत आहे. त्याला होता तेथेच ठेवा.